टाकळीच्या बायांची शर्यत

सिंधूताई मूळची घाटावरची, डोणगावची. नोकरी मात्र लागली घाटाखाली, पार सातपुड्याच्या पायथ्याला. सोनाळ्यात एका खोलीत ती राहायची आणि भोवतालच्या गावांतून ग्रामसेविका म्हणून हिंडायची. निर्धूर चूल कशी बांधायची ते दाखव, बाळंतिणीच्या खोलीला खिडकी पाडायला लाव, महिला मंडळ जमव, अशी तिची कामं. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जिल्हा परिषद नवी, पंचायत समिती नवी, आणि या सगळ्या नव्या कारभाराची खेड्यातल्या बायांना दिसणारी खूण एकच. ती म्हणजे पंचविशीची, सडसडीत बांध्याची, पाचवारी नेसलेली ही बाई आणि तिची काळी लेडीज सायकल. साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी होती, पुढे हँडलला पिशवी लटकायची आणि घंटी अशी खणखणीत की ती ऐकून शेतातल्या बाया विळा थांबवून मान वर करत. "आली वं सायकलवाली बाई!"

सायकल तिचा जीव होता. थोरल्या भावाच्या सायकलवर डोणगावच्या बाजाराच्या पटांगणात ती शिकली होती, गुडघे फोडून घेऊन, लोकांचं ऐकून घेऊन. आता चढ असो की चिखल, तिला काही वाटत नसे. फक्त कुत्र्यांची भीती होती. लहानपणापासूनच होती आणि मोठेपणी ती कमी झाली नाही. गावात शिरताना कुत्री अंगावर धावून आली की ती दोन्ही पाय उचलून थेट पुढच्या तिरप्या दांड्यावर ठेवायची आणि सायकल जाईल तशी जाऊ द्यायची. लोक खो खो हसत. तिलाही नंतर हसू येई. पण त्या घटकेला तिच्या तोंडचं पाणी पळालेलं असे.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला तिने टाकळीत बायांची पळण्याची शर्यत ठेवली. सोनाळ्यापासून जवळच असलेलं हे छोटं गाव. झेंडावंदन झालं, पोरींची लिंबू-चमचा झाली, आणि मग बायांना पळा म्हटल्यावर सगळ्या एकमेकींच्या मागे लपू लागल्या. "अव माय, आमी काय लेकरं हावो काय?" म्हणत पदर तोंडाला लागले.

शेवटी कौशल्याबाई उठली. नदीकाठच्या मळ्यात वांगी-मिरच्या पिकवणारी ही चाळिशीची बाई. अंगाने काटक आणि जिभेची तिखट.

"मी पयतो," ती म्हणाली, "पण माह्या दोन अटी हायेत. एक म्हंजे गडीमाणसं इथीच शाळेपाशी बसतीन. आमचे कासोटे पाहाले कोनी याचं नाही."

सरपंच हिंमतराव हसत म्हणाले, "कबूल. दुसरी?"

"सायकलवाल्या बाईनं बी पयावं. चाकावर त कोनीबी पयते. सायकल सोडून पयून दाखवा म्हना!"

एकच हशा उसळला. सिंधूताईने कानावर हात ठेवले, "नाही हो, मला कुठं पळता येतं!" म्हणून पाहिलं. पण ती पळणार म्हटल्यावर दहा-पंधरा जणी पटापट उभ्या राहिल्या, तेव्हा तिला माघार घेता येईना. गंमत म्हणून तर गंमत. तिने साडी खोचली. ठरलं असं की शाळेपासून निघायचं, पांदणीतून नदीवर जायचं, नदीच्या वाळूत बाभळीला टेकवलेल्या सायकलची घंटी वाजवायची आणि परत यायचं. सायकल तिने स्वतःच नेऊन उभी केली आणि चालत परत आली. येताना पांदणीत कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच दरडी, वर बोरीचे आणि निवडुंगाचे काटे, आणि खाली बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. टाकळीहून नदीवर जायचा तोच एक रस्ता.

हिंमतरावांनी शिट्टी फुंकली.

पहिल्या झटक्यातच सिंधूताईला कळलं की आपलं काही खरं नाही. तिचे पाय गोल फिरायला शिकलेले, जमिनीवर आपटायची त्यांना सवय नव्हती. कौशल्याबाई कासोटा मारून हरणासारखी पुढे निघून गेली. बाकीच्या पांदणीच्या तोंडापर्यंत आल्या आणि पोट धरून हसत तिथेच बसल्या. पांदणीत शिरल्या त्या तिघीच. पुढे कौशल्याबाई, मागे सिंधूताई आणि तिच्या बरोबरीने सोजरा.

सोजरा मंजुळाबाईची सून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासू कडक, त्यामुळे एरवी मंडळात आली तरी खाली मान घालून बसायची. आज मात्र पदर दातांत धरून, पायांतले चांदीचे तोडे छुमछुम वाजवत ती पळत होती आणि पळता पळता हसत होती.

"बाई, तुमी त बदकावानी पयता वो!" ती म्हणाली.

"हसू नकोस गं, श्वास लागतो," सिंधूताई म्हणाली आणि स्वतःच हसली.

नदी आली तेव्हा कौशल्याबाई घंटी वाजवून परत फिरली होती. "या पोरींनो, या सावकास!" म्हणून हिणवत ती त्यांच्या शेजारून पांदणीकडे गेली. दोघी वाळूत पाय रोवत बाभळीपाशी पोचल्या. सोजराने घंटी वाजवली, मग सिंधूताईने वाजवली. दोघी वळल्या.

कौशल्याबाई पांदणीच्या नदीकडच्या तोंडाशी उभी होती, पाठमोरी. पळत नव्हती, हलतही नव्हती. एक हात अर्धवट वर उचललेला होता, तसाच राहिला होता.

"काय झालं वो मावशी?" सोजराने हाक मारली.

आणि मग कौशल्याबाईच्या पलीकडे, पांदणीच्या सावलीतून, ते बाहेर आलं.

कुत्रं होतं. तांबूस रंगाचं, मोठ्या हाडाचं, कुठलं तरी भटकं, दरडीच्या एखाद्या खिंडारातून पांदणीत उतरलेलं. शेपूट पोटात गेलेलं. खालचा जबडा लोंबत होता आणि त्यातून लाळेच्या तारा सुटून छातीला चिकटल्या होत्या. मागचे पाय दारू प्यायल्यासारखे वाकडे पडत होते. ते भुंकलं नाही. वाटेतलं एक धसकट त्याने दातांत धरलं, कराकरा चावलं आणि सोडून दिलं. मग एका ढेकळाला चावलं. सिंधूताईला एकदम आठवलं. सोनाळ्याच्या बाजारात दोन दिवसांपूर्वी कोणी तरी म्हणालं होतं की वासराला पिसाळलेलं कुत्रं चावलं. ते तिने ऐकलं होतं, आणि शर्यतीच्या गडबडीत विसरून गेली होती.

एरवी साध्या कुत्र्याला पाहून ती पाय दांड्यावर घेत होती. इथे वाळू होती, ती होती आणि तिचे दोन पाय होते. पळावं असं सगळं अंग ओरडून सांगत होतं. गुडघ्याखालची शीर न् शीर तटतटली होती. पण वासरामागे कुत्रं का लागतं ते तिला ठाऊक होतं. वासरू पळतं म्हणून.

"पयू नका!" ती म्हणाली. घाटावरच्या तिच्या तोंडून घाटाखालची भाषा कधी बाहेर पडली, तिचं तिलाही कळलं नाही. "मावशी, पयू नका वो! उभ्या राह्या. सोजरा, हलू नको."

घटकेपूर्वी ती या बायांना पळा, पळा म्हणून विनवत होती.

कुत्रं कौशल्याबाईच्या अगदी जवळून गेलं. तिच्या लुगड्याच्या काठाला नाक लावून ते थांबलं. लाळेची एक तार काठावर उतरली. कौशल्याबाईने डोळे मिटून घेतले होते. तिचे ओठ हलत होते, बाकी देह दगडाचा. सिंधूताईने आईने शिकवलेले बुद्धवंदनेचे शब्द मनात म्हणायला घेतले, पण पहिल्या ओळीपुढे काही आठवेना. तीच ओळ ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

कुत्रं कौशल्याबाईला सोडून पुढे आलं, बाभळीच्या रोखाने.

सोजराने सिंधूताईचा दंड धरला होता. तिची बोटं मांसात रुतत होती. ती कापत होती, आणि ती कापत होती म्हणून तिचे तोडे वाजत होते. अगदी बारीक, किणकिण किणकिण. त्या सुनसान वाळूत तेवढाच आवाज.

कुत्र्याने मान वळवली.

"सोजरा," सिंधूताई कुजबुजली, "पाय आवर."

"नाई आवरत वो बाई," सोजरा रडकुंडीला येऊन म्हणाली, "नाई आवरत." आणि दंड सोडून ती पळत सुटली.

वाळूत ती किती पळणार? कुत्र्याचे वाकडे पाय एकाएकी सरळ झाल्यासारखे झाले. ते धावलं. सोजरा पडली, आणि तिची जी किंकाळी आली ती सिंधूताई पुढे जन्मभर विसरू शकली नाही.

त्या क्षणी पांदणीची वाट मोकळी झाली होती. सिंधूताईचा हात सायकलवर होता. तो कधी गेला ते तिला कळलं नव्हतं. एक पाय पायडलवर होता, तोही आपला आपणच गेलेला. शरीराने तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं. वाळूचा एवढा पट्टा ढकलत पार केला की कडक जमीन लागेल, मग पांदण, मग शाळा, माणसं, काठ्या.

"बाई वो!" सोजरा ओरडली. "बाई!"

सिंधूताईला नंतर पुष्कळांनी विचारलं, तुम्हाला हिंमत कुठून आली? तिला खरंच सांगता येत नसे. हिंमत वगैरे काही आली नव्हती. ती रडत होती, दातावर दात आपटत होते. फक्त अंगठा घंटीवर होता आणि तो दाबला गेला. मग पुन्हा दाबला, आणि मग ती थांबलीच नाही. घंटी खणखणत राहिली.

कुत्र्याने सोजराची पोटरी सोडली. डोकं वर केलं. आणि आवाजाच्या दिशेने ते सरळ आलं.

तिने सायकल आडवी धरली. पलीकडे कुत्रं, अलीकडे ती, मध्ये दोन चाकं. कुत्र्याने आधी टायर धरला, दात घसरले. मग त्याने चाकाच्या तारांतून तोंड आत घातलं, तिच्या पायाकडे. त्याचा श्वास तिला लागला, गरम आणि कुजका. ती किंचाळत सगळ्या भाराने सायकलवर रेलली. सायकल कुत्र्यावर कलंडली, ती सायकलवर पडली. तारांत अडकलेलं ते डोकं तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होतं आणि जबडा उघडत होता, मिटत होता.

"दाबून धर!" कोणी तरी ओरडलं. "सोडू नको, दाबून धर!"

कौशल्याबाई होती. नदीतला धोंडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून ती आली आणि तो तिने खाली घातला. पुन्हा उचलला, पुन्हा घातला. कुत्रं निपचित पडलं तरी ती थांबेना. सिंधूताईनेच शेवटी म्हटलं, "मावशी, बस. मेलं."

मग कौशल्याबाई धोंड्याशेजारी बसली आणि तिला ओकारी झाली.

सोजराच्या पोटरीवर दातांची खोल खूण होती, रक्त वाळूत जिरत होतं. सिंधूताईने नदीच्या पाण्याने जखम धुतली, पिशवीत कपडे धुवायच्या साबणाची वडी होती ती चोळली. धुता धुता तिचं लक्ष स्वतःच्या नडगीकडे गेलं. तिथे एक लांब ओरखडा होता. बारीक, पण रक्ताचे थेंब आलेले. पायडलचं लोखंड लागलं होतं की तुटलेली तार, की दात? तिने आठवून पाहिलं. काहीच आठवेना. जितकं आठवावं तितकं सगळं एकमेकांत मिसळत गेलं.

तिने तोही ओरखडा धुतला, पुन्हा धुतला, साबण संपेपर्यंत धुतला.

आरडाओरडा ऐकून माणसं आली, सोजराला उचलून घरी नेलं. मंजुळाबाईच्या ओसरीवर निम्मं गाव जमलं. कोणी म्हणे जखमेत मिरची भरा, कोणी म्हणे चुना लावा. डोंगराकडच्या एका गावात एक वैदू कुत्र्याचं विष उतरवतो, पाल्याचा रस पाजतो, त्याच्याकडे गाडी जुंपून निघायचं मंजुळाबाईने ठरवलंही होतं.

"इंजेक्शनं घ्यावी लागतात," सिंधूताई ओसरीच्या पायरीवरून म्हणाली. ती नेहमी पायरीवरच थांबायची. मंजुळाबाईने तिला कधी वर बोलावलं नव्हतं आणि तिच्या हातचं पाणीही कधी घेतलं नव्हतं. त्यामागचं कारण दोघींना माहीत होतं, बोललं जात नसे. "बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात मिळतात. उशीर करून चालणार नाही."

"पोटात सुया मारते ते," मंजुळाबाई म्हणाली. "मले मालूम हाये. जवान बाईच्या पोटात सुया? उद्या लेकरूबाळ होनार हाये तिले. नाई पाठवत मी."

सिंधूताईजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं तिने मनात जुळवलं, पण तोंड उघडल्यावर त्यातलं काहीच बाहेर पडलं नाही.

"मावशी," ती म्हणाली, "मलेबी लागलं हाये." तिने साडी वर करून नडगी दाखवली. "दात लागला का काय लागलं, मले नाही समजून राह्यलं. मी जाऊन राह्यली बुलढाण्याले. पण मले लय भेव वाटते. एकटीनं नाही जावल्या जात. सोजराले माह्या सोबतीले द्या. तिच्यासाठी नका देऊ, माह्यासाठी द्या."

बाई बनवून बोलत नाही हे लहान लेकरालाही दिसलं असतं.

मंजुळाबाई तिच्याकडे पाहत राहिली. "राहसान कुठी?" तिने विचारलं.

"माह्या मामाकडे. कोर्टात शिपाई आहेत ते. गुलाबराव."

मंजुळाबाईच्या कपाळाला आठी पडली. "म्हंजे त्याहीच्या घरी? त्याहीच्या घरचं पाणी..."

सोजराचा नवरा शालिग्राम इतका वेळ खांबाला टेकून बसला होता. अबोल, आईपुढे मान वर न करणारा माणूस. तो उठला आणि म्हणाला, "माय, तुले सून पायजे का पाणी?"

मंजुळाबाई उठून आत गेली आणि सोजराचं एक लुगडं आणि चादर गाठोड्यात बांधून घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून दोघी निघाल्या. शालिग्राम खामगावपर्यंत सोबत आला. शेतात कापूस उभा होता, वेचणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिथून परत फिरला. खामगावहून बुलढाण्याची बस बोथ्याच्या जंगलातून वर चढू लागली तशी थंडी वाढली. दोघी एका चादरीत बसल्या होत्या. सोजरा खिडकीतून बाहेर पाहत नव्हती. ती सिंधूताईकडे पाहत होती, आणि सिंधूताई तिच्याकडे. दोघी एकमेकींच्या डोळ्यांत काही तरी शोधत होत्या, आणि ते सापडू नये अशी प्रार्थना करत होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी सोजराची जखम पाहिली, मग सिंधूताईचा ओरखडा पाहिला. "दात की तार?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग दात धरून चालू," ते शांतपणे म्हणाले.

रोज एक सुई. पोटाच्या कातडीत, आज डावीकडे, उद्या उजवीकडे. सुई जाडजूड, आणि औषध आत जाताना आग आग होई. टेकडीवरच्या त्या थंड गावातून दोघी रोज सकाळी हातात हात घालून दवाखान्यात जात आणि कंबरेत वाकून परत येत. मामी कढी-भाकरी वाढायची. सोजराने पहिल्या दिवशी जरा थांबून मग घास घेतला. दुसऱ्या दिवशी थांबली नाही.

दुखण्याचं काही नव्हतं, ते सोसलं जात होतं. पण या रोगाची गोष्ट प्रत्येकाला ठाऊक होती. दवाखान्याच्या रांगेत ऐकायला मिळे, कोर्टाच्या बाहेर मामाला कोणी तरी सांगे आणि मामा भाबडेपणाने घरी येऊन सांगे, की अमक्या गावच्या माणसाला पाणी पाहून झटके आले, तमक्याला खाटेला बांधून ठेवलं. सिंधूताई सकाळी उठली की आधी मोरीत जाऊन तांब्यातलं पाणी तोंडाला लावायची. घशाखाली उतरलं की सुटकेचा श्वास टाकायची. एकदा ती वळली तर मागे दारात सोजरा उभी. तीही त्याचसाठी आली होती. सोजराने तांब्या घेतला, पाणी प्यायली आणि मान हलवली. आजचा दिवस निभावला.

आठवडा उलटल्यावर एका दुपारी सोजराला ताप भरला. अंग फणफणलं, डोकं ठणकू लागलं. मामी कामावर, मामा कोर्टात. घरात दोघीच. सिंधूताईने पेला भरून नेला, तर सोजराने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"पाणी नको."

"थोडं पी. ताप उतरेल."

"नको म्हनलं ना! घसा आवयून राह्यला माहा." आणि मग ती उठून बसली. डोळे तांबारलेले होते. "बाई, आलं वाटते ते. मले बांधा. तुमाले चावली-गिवली मी त? बांधा मले, अन् तुमी भाईर जा. दार लावून घ्या."

दाराकडे सिंधूताईने पाहिलं, खोटं कशाला बोलायचं. दार तिथेच होतं, उघडं. बाहेर ऊन पडलं होतं, रस्त्याने कोणी टांगा हाकत चाललं होतं. जबडा उघडतो, मिटतो, ते तिला पुन्हा दिसलं. इतक्या जवळ.

ती खाटेच्या काठावर बसली. फार जवळ नाही, पण बसली.

"नाही बांधत," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "सुईचा ताप असेल. डॉक्टर म्हणाले होते, येतो कधी कधी."

"अन् नसन त?"

"नसेल तर... मला माहीत नाही गं."

सोजरा रडू लागली. बराच वेळ रडली. मग तिने पदराने नाक पुसलं आणि पेल्याकडे बोट केलं. "तुमी आधी प्या. मी पाह्यतो."

सिंधूताईने पेला तोंडाला लावला. एक घोट घेतला. घसा भीतीने असा आवळला होता की पाणी तोंडातच राहिलं. तिला वाटलं, हे काय? हे मलाच तर नाही आलं? सोजराचे डोळे तिच्या गळ्यावर खिळले होते. तिने डोळे मिटले, जोर लावला, आणि पाणी गटकन आवाज करून खाली गेलं.

तो आवाज इतका मोठा झाला की सोजराला एकदम हसू फुटलं. रडता रडता हसू. तिने सिंधूताईच्या हातातून तोच पेला घेतला आणि डोळे मिटून एका दमात रिकामा केला. थोडं पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. दोघी वाट पाहत राहिल्या. काही झालं नाही. झटका आला नाही, ठसका लागला नाही. सोजरा म्हणाली, "अजून द्या."

संध्याकाळपर्यंत ताप उतरला.

सुया संपल्या. डॉक्टर म्हणाले, आता घरी जा, काम करा, मनात आणू नका. मनात आणू नका म्हणायला त्यांचं काय जात होतं! टाकळीत परतल्यावर सोजरा घरी कामाला लागली, सिंधूताई सोनाळ्यात आपल्या खोलीवर. भीती पुरती गेली नाही. होळी आली आणि गेली, उन्हं तापली, तरी पायाला मुंगी चावली की सिंधूताई दचकून दिवा नडगीजवळ नेई. ओरखड्याची खूण पुसट झाली होती. ती दाताची होती की तारेची, ते तिला कधीच कळणार नव्हतं.

मंजुळाबाईने तिला ओसरीवर बोलावलं नाही. पण एकदा बाजाराच्या दिवशी सोनाळ्यात ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. फडक्यात बांधलेल्या तुरीच्या शेंगा उंबऱ्यावर ठेवल्या आणि म्हणाली, "पोरगी बरी हाये." आणि उत्तर ऐकायला न थांबता चालू लागली.

त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडाला टाकळीत मंडळाची बैठक ठरली. बैठक नदीपलीकडच्या वस्तीत होती, म्हणजे पांदणीतून जाणं आलं. सिंधूताई सायकलवरून उतरली, पांदणीच्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली. आत सावली होती. चाकोऱ्यांत पालापाचोळा पडला होता. तिने दोनदा पाऊल उचललं आणि दोनदा मागे घेतलं.

पलीकडच्या वस्तीत विकायची वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन कौशल्याबाई बाजूच्या बोरीखालून उठून आली. तिने सिंधूताईकडे पाहिलं, मग पांदणीकडे पाहिलं. पाटी उतरवून सायकलच्या मागच्या कॅरिअरवर ठेवली, एका हाताने ती धरली आणि दुसऱ्या हाताने सिंधूताईचं मनगट.

"भेव नाई गेलं अजून?"

"नाही हो मावशी."

"माहं बी नाई गेलं. मी कधीची इथी कोनाची वाट पाहून राह्यली होती," कौशल्याबाई म्हणाली. "चाला. वांगे सुकून राह्यले."

आणि दोघी सायकल ढकलत आत शिरल्या.